गुप्तांगावरच्या चामखिळी: आधी ओळख, मग इलाज

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २८, पुण्यात नोकरी. लिंगाच्या मुळाशी आणि जांघेच्या कडेला दोन-तीन महिन्यांपासून बारीक, काळसर, खरखरीत पुळ्या आल्या आहेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत. मेडिकलवाल्याने खाजेची ट्यूब दिली, ती लावल्यावर संख्या वाढली. मित्राच्या सल्ल्याने एका पुळीला चुना-सोडा लावला, तिथं आता जखम आहे. शिवाय लिंगाच्या टोकाभोवती पांढऱ्या बारीक दाण्यांची ओळ दिसते, त्याही चामखिळीच का? चार महिन्यांनी लग्न आहे. हा कॅन्सर आहे का, कायमचा जाईल का, होणाऱ्या बायकोला सांगावं का?

आधी त्या पांढऱ्या दाण्यांचा विषय संपवू, कारण तिथं काहीच करायचं नाही. बोंडाच्या कडेला गोलाकार एक-दोन ओळींत, सगळे एकाच उंचीचे आणि एकमेकांपासून सुटे असे जे दाणे असतात, ती त्वचेची नैसर्गिक ठेवण आहे. वयात आल्यावर ते दिसू लागतात, पुढं वाढत नाहीत, कुणाला लागत नाहीत आणि वय होईल तसे पुसट होत जातात. कित्येक पुरुषांना ते असतात आणि बहुतेकांना पत्ता नसतो. पत्ता लागतो तो रात्री मोबाइलवर भलतेसलते फोटो बघताना. हे दाणे चामखिळी समजून ॲसिडने जाळून घेतलेले लोक माझ्याकडे येतात. निरोगी कातडीवर कायमचा व्रण, आणि तोही पैसे मोजून! तुमच्या दाण्यांची ओळ सारखी आणि नेटकी असेल तर तिला हात लावू नका.

मुळाशी आणि जांघेत जे आहे त्याचं वर्णन मात्र चामखिळींशी जुळतं. बघितल्याशिवाय शिक्कामोर्तब करणार नाही, पण तुम्हीही आरशासमोर जरा नीट बघा. चामखिळीचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. जवळून पाहिलं तर त्यावर बारीक टोकं दिसतात, बोट फिरवलं तर खरखर लागते. ओलसर जागी, म्हणजे टोकाच्या कातडीच्या आत, योनीमुखाशी किंवा गुदद्वाराभोवती ती मऊ, गुलाबी, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी वाढते. कोरड्या, केसाळ जागी ती चपटी, कडक आणि आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर बहुतेक वेळा तपकिरी नाहीतर काळसर असते. इंग्रजी संकेतस्थळांवरचे फोटो गोऱ्या कातडीचे असतात, त्यामुळे आपल्या लोकांना आपली चामखीळ त्या फोटोंत सापडत नाही आणि नको त्या रोगाचा फोटो मात्र जुळतो.

सहसा ती दुखत नाही. थोडी खाज येऊ शकते, कपड्याला घासून कधी रक्त येतं. रात्री झोपू न देणारी खाज असेल, लिंगावर आणि अंडकोषावर घट्ट गाठी असतील आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल, तर ती खरूज समजावी. तिचा इलाज अगदी वेगळा आणि सोपा आहे. मध्यभागी खळगा असलेले, गुळगुळीत, चमकदार दाणे असतील तर तो मोलस्कम. तोही विषाणूच, पण दुसऱ्या कुळातला. कातडीखाली पिवळसर ठिपके दिसत असतील, ताणल्यावर जास्त उठून दिसत असतील, तर त्या तेलग्रंथी, म्हणजे काहीच नाही. बारीक देठाला लोंबणारं मऊ मांस जांघेत असेल तर तो मस. असे बरेच मस एकदम आले असतील तर एकदा साखर तपासून घ्या.

बायकांच्या बाबतीत एक खूण सांगतो, ती स्त्रीरोगतज्ज्ञांनाही कधीकधी चकवते. योनीमुखाच्या आतल्या बाजूला काहींना नैसर्गिकच बारीक मऊ अंकुर असतात, दोन्ही बाजूंना सारखे. त्यातला प्रत्येक अंकुर स्वतंत्र बुडातून उगवतो. चामखिळीत अनेक टोकं एकाच बुडातून निघतात आणि दोन्ही बाजूंना तसा सारखेपणा नसतो. एवढा फरक भिंगाखाली पाहिला तरी कितीतरी मुलींचा जीव भांड्यात पडतो.

चामखिळीसारख्या दिसणाऱ्या या यादीतला एकच प्रकार मला खरोखर भीतीदायक वाटतो. गुदद्वाराभोवती किंवा जननेंद्रियावर रुंद, चपटे, ओलसर, राखाडी-पांढरट उंचवटे असतील तर तो सिफिलिसचा दुसरा टप्पा असू शकतो. वरवर पाहता चामखीळच वाटते. सोबत तळहात-तळपायांवर न खाजणारे तांबूस डाग, बारीक ताप, अंग मोडून येणं असू शकतं. हे जाळून उपयोग नाही. याला बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन लागतं आणि सुरुवातीच्या काळात तेवढ्यावर रोग बरा होतो. म्हणून चामखीळ कितीही स्पष्ट दिसत असली तरी व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिससाठीची रक्ताची तपासणी, केल्याशिवाय मी पुढं जात नाही. सोबत एचआयव्ही, काविळीचे बी आणि सी हे विषाणू. संबंध अलीकडचा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा. तुमच्यावर संशय आहे म्हणून या तपासण्या नसतात. एका वाटेने आलेला पाहुणा एकटाच आला असेल असं धरून चालता येत नाही, एवढंच त्यामागचं कारण. शिवाय एचआयव्ही असेल तर चामखिळी मोठ्या, संख्येने जास्त आणि चिवट होतात, त्यामुळे उपचारांचं गणितही बदलतं.

गुदद्वाराच्या चामखिळींचं वेगळं दुखणं आहे. ‘मोड आलाय’ म्हणून माणूस महिनोन्‌महिने मूळव्याधीची औषधं खातो, आणि तिकडं गुच्छ वाढत असतो. मूळव्याधीचा कोंब गुळगुळीत असतो, चामखीळ खडबडीत. या जागी चामखीळ येण्यासाठी गुदमैथुनच झालेला असावा लागतो असं नाही, जवळच्या जागेवरूनही ती सरकते. पण तसा संबंध असेल, पुरुषाशी असेल, तर डॉक्टरांना सरळ सांगा. मग आतूनही नळीने बघावं लागतं. बाहेरचं साफ केलं आणि आत राहिलं तर महिन्याभरात तुम्ही पुन्हा दारात.

पांढऱ्या व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड लावून पांढरं पडलं की चामखीळ, अशी एक ‘घरगुती तपासणी’ फिरते. बाहेरच्या कातडीवर ती फसवी आहे. साधा ओरखडा, बुरशी, घासलेली कातडी, काहीही पांढरं पडतं. हेच ॲसिड गर्भाशयमुखावर, शिकलेल्या परिचारिकेच्या हातात मोलाचं ठरतं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला तेव्हा या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. जागा बदलली की त्याच थेंबाचा अर्थ बदलतो.

आता विषाणूकडे येऊ. नाव एचपीव्ही, ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. याचे २०० हून अधिक प्रकार आहेत. गुप्तांगावरच्या दहातल्या नऊ चामखिळी ६ आणि ११ या दोन प्रकारांच्या असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मुख्यतः जबाबदार आहेत ते १६ आणि १८. तो संबंध दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा तुमच्या पहिल्या भीतीचं उत्तर असं: ६ आणि ११ हे कर्करोग करणारे प्रकार नव्हेत आणि साधी चामखीळ वाढत वाढत कॅन्सर होत नाही. अपवाद आहेत आणि ते ओळखता आले पाहिजेत. गाठ घट्ट, बुडाशी चिकटलेली, मधोमध जखम झालेली, सहज रक्त येणारी, रंगाने फार काळी किंवा विचित्र, किंवा व्यवस्थित उपचारांनाही दाद न देणारी असेल तर तुकडा काढून तपासायलाच हवा. चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आली असेल तर मी जास्त सावध असतो. बाकीच्यांना बायॉप्सी लागत नाही आणि चामखिळीसाठी विषाणूचा नेमका प्रकार शोधणारी महागडी एचपीव्ही टायपिंगची तपासणी तर मुळीच लागत नाही. तिचा निकाल काहीही आला तरी माझ्या उपचारात फरक पडणार नाही.

हा विषाणू कातडीला कातडी लागून पसरतो. पूर्ण संभोग व्हायलाच हवा असं नाही. संडासाच्या भांड्यावरून, स्विमिंग पूलमधून आला, असं सांगणारे भेटतात. मी वाद घालत नाही, पण व्यवहारात तसं होत नाही. संपर्कानंतर चामखीळ उगवायला साधारण दोन-तीन महिने लागतात, कधी आठ महिने, कधी वर्षंही. म्हणून ‘कुणी दिलं’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही. जोडप्यातल्या एकाला आज चामखीळ आली म्हणून दुसऱ्याने काल विश्वासघात केला, असा हिशोब लावून लोक माझ्यासमोर भांडलेले आहेत. वैद्यकीयदृष्ट्या त्या हिशोबाला आधार नाही. ज्यांचे शरीरसंबंध आले आहेत अशा बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही भेटतोच आणि बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला परतवून लावतं. चामखीळ थोड्यांनाच येते.

आता तुम्ही काय थांबवायचं ते सांगतो.

ती ट्यूब आजपासून बंद. पाकिटावर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन असलं काही नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड अशी तिहेरी मिसळ आपल्याकडे गोळ्या-बिस्किटांसारखी विकली जाते, चिठ्ठीशिवाय देऊ नये असा नियम असून. खाज थांबते म्हणून माणूस खूश. पण स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती झोपवतं, आणि चामखिळीचा विषाणू नेमक्या त्याच शक्तीला भीत असतो. संख्या वाढली ती बहुधा यामुळेच. जांघेत महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होऊन कायमच्या चिरा पडतात, त्या कुठल्याच औषधाने जात नाहीत.

दुसरं, वस्तरा बंद. जांघेतल्या चामखिळी पाहताना मला कितीदा त्या एका रेषेत दिसतात, वस्तरा जसा फिरला तशा. प्रत्येक बारीक कापातून विषाणूला नवं घर मिळतं. उपचार संपेपर्यंत केस कात्रीने बारीक करा, तेवढं पुरे.

तिसरं, चुना-सोडा, रुईचा चीक, लसूण, अगरबत्तीचा चटका, घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं, पायाच्या कुरुपाची पट्टी, सगळं बंद. हाताच्या बोटावरच्या चामखिळीवर आजीने चुना-सोडा लावला असेल आणि ती गेलीही असेल. पण बोटाची कातडी आणि इथली कातडी यांत फार अंतर आहे. चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र आला की तीव्र क्षार तयार होतो, तो मांस विरघळवत खाली उतरतो आणि कुठं थांबायचं हे त्याला कळत नाही. तुमची जखम साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, व्हॅसलिनचा थर ठेवा. डेटॉल नको, हळद नको. ती भरल्याशिवाय त्या जागेवर कुठलाही डॉक्टरी उपचारही करता येत नाही. म्हणजे घाई करून तुम्ही तिथं दोन आठवडे घालवलेत.

खरं सांगायचं तर चामखिळींनी केलेलं नुकसान माझ्याकडे क्वचित येतं. येतं ते इथं पोचण्याआधी झालेल्या इलाजांचं.

उपचारांचं एक सूत्र आधी समजून घ्या, नाहीतर पुढं निराशा येईल. दिसणारी चामखीळ काढता येते. आसपासच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीत लपलेला विषाणू मारणारं औषध आज कुणाकडेही नाही. ते काम तुमचं शरीर करतं आणि त्याला महिने लागतात. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा एखाद-दुसरी उगवणं हे अपेक्षितच आहे. डॉक्टर बदलायचं ते कारण नव्हे. ‘एका सिटिंगमध्ये मुळापासून, गॅरंटी’ असं कुणी लिहून देत असेल तर तिथून उठा. एसटी स्टँडच्या मुतारीत आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती हीच गॅरंटी देतात.

थोड्या, लहान, बाहेरच्या चामखिळी असतील तर घरी लावायची औषधं चालतात. पॉडोफायलोटॉक्सिन ०.५ टक्के द्रावण: दिवसातून दोनदा, सलग तीन दिवस, मग चार दिवस सुट्टी. अशी चार आवर्तनं, त्यापुढं नाही. दिवसाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा जास्त नाही. हे औषध हिमालयात उगवणाऱ्या बनककडीच्या कुळातून आलेलं आहे, पण ‘वनस्पतीचं आहे, अपाय नाही’ असं समजू नका. पेशींचं विभाजन थांबवणारं ते विष आहे आणि गर्भवतीला पूर्ण वर्ज्य. दुसरं इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम: आठवड्यातून तीनदा, रात्री झोपताना, सकाळी साबणाने धुऊन टाकायचं, जास्तीत जास्त १६ आठवडे. हे चामखिळीला जाळत नाही, तिथली प्रतिकारशक्ती जागी करतं. म्हणून लाल होतं, चुरचुरतं, कधी अंगात कणकणही येते. लाली आली म्हणजे काम सुरू आहे. कातडी सोलून ओली झाली तर मात्र काही दिवस थांबा. दोन सूचना ज्या चिठ्ठीवर लिहिलेल्या नसतात: या क्रीमने कंडोम कमकुवत होऊ शकतो, आणि सावळ्या त्वचेवर काहींना पांढरा डाग राहतो.

दवाखान्यात करायचे उपाय म्हणजे द्रव नायट्रोजनने गोठवणं, ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, विजेच्या सुईने जाळणं, लेसर आणि कात्रीने कापून काढणं. यातला ॲसिडचा प्रकार नीट सांगतो, कारण तो स्वस्त आहे, छोट्या गावातही होतो, आणि तो कसा केला जातो यावरून समोरचा माणूस जाणता आहे की नाही हे तुम्हाला कळेल. ॲसिड ८० ते ९० टक्के तीव्रतेचं. आधी चामखिळीभोवतीच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलिनचं कडं. मग टूथपिकच्या टोकाला कापसाचे चार तंतू गुंडाळून ते ॲसिडमध्ये टेकवायचं आणि जादा थेंब बाटलीच्या काठाला पुसून टाकायचा. मोठा बोळा वापरला की ओघळ आलाच. टोक चामखिळीच्या माथ्यावर नुसतं टेकवलं की काही क्षणांत ती दुधासारखी पांढरी होते. पांढरं वर्तुळ चामखिळीच्या कडेपर्यंत पोचलं की हात काढायचा. दोन-तीन मिनिटं चांगलंच झोंबतं, मग उतरतं. ती जागा सुकेपर्यंत पाय फाकवूनच पडून राहायचं, कारण लगेच उठून बसलात तर समोरच्या कातडीला ॲसिड लागतं. जास्त लागलं तर खाण्याचा सोडा टाकून ते मारता येतं आणि तो जवळ ठेवलेला असायलाच हवा. आठ-दहा दिवसांत खपली पडते, गरज असेल तर पुन्हा. ॲसिडचा थेंब किती छोटा असू शकतो याचा अंदाज नवशिक्याला नसतो. टेबलावर बोळा आणि बाटली एवढंच दिसलं तर विचारा.

तुमच्या वर्णनावरून, जखम भरल्यावर मी बहुधा विजेच्या सुईने किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने काढणं सुचवेन. दिसणाऱ्या बहुतेक एकाच बैठकीत जातात. आधी सुन्न करणारं क्रीम लावून वर प्लॅस्टिकचा कागद तासभर, मग लिग्नोकेनचं बारीक इंजेक्शन. ते टोचतं, त्यानंतर काही कळत नाही. धुरात विषाणूचे अंश असतात म्हणून खोलीत धूर ओढणारं यंत्र आणि सगळ्यांच्या तोंडावर चांगला मास्क हवा. जखमा आठवडा-दोन आठवड्यांत भरतात. फार खोल जाळलं तर पांढरा व्रण राहतो, म्हणून वरवर, कातडीच्या पातळीपर्यंतच जायचं असतं. एक-दोन बारीक उरल्या तर त्या नंतर क्रीमने बघता येतात.

आमच्या व्यवसायात काही जण चामखिळीत एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेला यांवरची) लस किंवा ड जीवनसत्त्व टोचतात, अंगाची प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठी. पुन्हापुन्हा उगवणाऱ्यांत मीही कधी वापरतो. पुरावा अजून तोकडा आहे, त्यामुळे पहिला उपाय म्हणून नाही. पोटात घ्यायची ‘इम्युनिटी’ची महागडी गोळी मात्र मी कुणाला लिहून देत नाही. त्यापेक्षा सिगारेट सोडा. ओढणाऱ्यांत चामखिळी चिवट राहतात.

काहीच केलं नाही तर? काहींच्या चामखिळी आपोआप जातात, काहींच्या तशाच राहतात, काहींच्या वाढतात. एखादीच असेल, घाई नसेल, तर काही महिने वाट पाहणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. तुमचं लग्न तोंडावर आहे म्हणून तुम्हाला तो सल्ला देत नाही.

आता तो प्रश्न, जो तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलात आणि बहुधा सगळ्यात आधी मनात आला. माझं मत स्पष्ट आहे: सांगा. मी तुमच्या घरी फोन करणार नाही, कुठलाही डॉक्टर करणार नाही, रुग्णाची गोष्ट आमच्याकडेच राहते. पण लग्नानंतर सहा महिन्यांनी तिला चामखीळ आली आणि तुमच्या जुन्या फायली सापडल्या, तर तेव्हाचं बोलणं आजच्यापेक्षा कितीतरी अवघड असेल. कसं सांगायचं तेही सुचवतो: विषाणू खूप जणांना असतो, कर्करोगाचा प्रकार नाही, उपचार झाले आहेत, तपासण्या केल्या आहेत, आणि तुझ्यासाठी लस आहे. हवं तर दोघं मिळून डॉक्टरांकडे या. असं जोडीने येणारे अलीकडे वाढले आहेत आणि त्या बैठका मला आवडतात, कारण निम्मी भीती तिथंच उतरते.

चामखिळी असेपर्यंत संबंध नको. गेल्यावर काही महिने कंडोम वापरा. तो धोका कमी करतो, शून्य करत नाही, कारण जांघ आणि अंडकोष उघडेच राहतात. ‘आता मी संसर्गमुक्त’ असं प्रमाणपत्र देणारी तपासणी नाही. चार महिन्यांत चामखिळी काढून, त्यानंतरचे दोन-तीन महिने नव्या उगवतात का ते पाहणं एवढं तुम्हाला जमतं, पण त्यासाठी याच आठवड्यात सुरुवात हवी.

लशीबद्दल. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही भारतीय लस २०२३ च्या जानेवारीत आली. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर चालते, म्हणजे चामखीळ आणि कर्करोग दोन्हींवर. वय ९ ते १४ असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ ते २६ असेल तर शून्य, दोन आणि सहा महिने असे तीन. मुलगे-मुली दोघांसाठी. गार्डासिल ९ ही दुसरी लस नऊ प्रकारांवर आहे. सर्व्हारिक्स मात्र फक्त १६ आणि १८ वर, चामखिळींसाठी तिचा उपयोग नाही. होणाऱ्या बायकोचं वय २६ च्या आत असेल तर पहिला डोस आत्ताच घेतला तर उत्तम. तिसरा लग्नानंतर पडेल, हरकत नाही. तुमच्या आत्ताच्या चामखिळी लशीने जाणार नाहीत. लस येणाऱ्याला अडवते, आलेल्याला काढत नाही.

लशीने काय होतं याचं उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. त्यांनी २००७ मध्ये मुलींना सरकारी खर्चाने लस द्यायला सुरुवात केली. गुप्तरोग दवाखान्यांत पहिल्यांदा येणाऱ्या २१ वर्षांखालच्या स्त्रियांमध्ये चामखिळींचं प्रमाण त्या वर्षी ११.५ टक्के होतं. २०११ मध्ये ते ०.८५ टक्क्यांवर आलं. स्त्रियांशीच संबंध असलेल्या त्याच वयाच्या मुलांमध्येही ते १२.१ वरून २.२ वर उतरलं, आणि त्या मुलांना तेव्हा सरकारी लस मिळतही नव्हती! तुमच्या घरात, ओळखीत नऊ ते चौदा वर्षांची मुलं-मुली असतील तर त्यांच्या आईवडिलांच्या कानावर हे घाला.

बायकोसाठी आणखी एक गोष्ट, लस घेतली तरी. वयाच्या तिशीपासून गर्भाशयमुखाची तपासणी ठरल्या वेळी करायची. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३० हजार बायकांचा जो अभ्यास झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या लोकांनी गावोगाव फिरून केलेलं ते काम आहे. जगभरच्या डॉक्टरांना ते ठाऊक आहे, आपल्याकडच्या अनेक घरांना नाही.

गरोदरपणात चामखिळी झपाट्याने वाढतात, हे वाचणाऱ्या बायकांसाठी. पॉडोफायलोटॉक्सिन चालत नाही, इमिक्विमॉड टाळतो. ॲसिड, गोठवणं, कापणं चालतं. केवळ चामखिळी आहेत म्हणून सिझेरियन करायची गरज नसते. वाटच अडली असेल किंवा खूप रक्तस्राव होण्याची भीती असेल तरच. बाळाच्या घशात विषाणू जाऊन गाठी होणं शक्य आहे, पण फार दुर्मीळ. बाळंतपणानंतर बऱ्याच चामखिळी स्वतःहून आक्रसतात.

आणि लहान मुलांच्या गुप्तांगावर चामखीळ दिसली तर घरी काही करू नका, थेट डॉक्टरांकडे. हाताच्या चामखिळीवरून किंवा जन्मावेळी आईकडून ती येऊ शकते, पण लैंगिक अत्याचाराची शक्यता तपासावीच लागते. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली तसा संशय आल्यास कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

जायचं कुठं? पाटीवर ‘गुप्तरोग तज्ज्ञ’ लिहिलेला प्रत्येक जण तज्ज्ञ नसतो. त्वचा व गुप्तरोग विषयातली एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल अशी पदवी बघा. खर्च परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचा व गुप्तरोग विभाग गाठा, पुण्यात ससूनला जाता येईल. जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथं समुपदेशन आणि एचआयव्ही-सिफिलिसच्या तपासण्या मोफत होतात. तिथली रंगीत पाकिटांतली औषधं स्राव, जखमा, ओटीपोटातलं दुखणं अशा तक्रारींसाठी असतात. चामखिळीसाठी त्यात पाकीट नाही, त्यामुळे पाकीट घेऊन परत फिरू नका, त्वचा विभागाची चिठ्ठी मागा. विचारायला संकोच वाटत असेल तर १०९७ वर मोफत फोन करून आधी बोलता येतं.

जाताना ती ट्यूब खिशात घालून न्या, नुसतं ‘पांढरी ट्यूब’ सांगून आम्हाला काही कळत नाही. आदल्या दिवशी केस काढू नका आणि जखमेवर पावडर मारून येऊ नका.